त्रेचाळीस फुटांआधी म्हैस बाहेर

आमच्याकडे जुलै उजाडला की माणसं पावसाच्या गप्पा मारत नाहीत, फुटांच्या मारतात. चहाच्या गाड्यावर, एसटीत, दूध घालायच्या रांगेत एकच प्रश्न असतो, "किती झालं राजारामला?" राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा पंचगंगेवरचा बंधारा. तिथली पातळी प्रशासन दिवसातून अनेकदा जाहीर करतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ तसेच पाठ असतात.

पण आकडा पाठ असणं वेगळं आणि त्या आकड्याला आपण उठून काय करायचं हे ठरलेलं असणं वेगळं. ३९ झालं की लोक पुलावर पाणी बघायला जातात. ४३ झालं की फोटो टाकतात. ४५ झालं की घरातल्या पिशव्या शोधायला लागतात, आणि तोवर गावाबाहेर जायचा रस्ता गेलेला असतो.

मी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात सगळे डॉक्टरच म्हणतात, निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत गोठ्यागोठ्यांतून फिरण्यात हयात गेली, त्यामुळे पूर मी गोठ्याच्या दारातून पाहिला. तिथून जे लख्ख दिसतं ते सूचनांच्या छापील पत्रकांत कुठेतरी शेवटच्या पानावर असतं. नदीकाठचा माणूस घर सोडायला एकवेळ तयार होतो, म्हैस सोडायला होत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. नदीवरची उपसा केंद्रं बुडाल्यामुळे कोल्हापूर शहरात चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था झाली. २०१९ मध्ये एका गावात बोट दाराशी लागलेली असताना एक आजी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली होती. दोन दुभत्या म्हशी, एक रेडकू. "डॉक्टर, तुमी व्हा म्होरं. ह्यास्नी कोन बघनार?" बोटीतला जवान मराठी मुलखातला नव्हता, त्याला वाटलं म्हातारी घाबरली आहे. ती घाबरलेली नव्हती, हिशेब करत होती. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या पुढे जाते. पुरात मेली तर केंद्राच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे दुभत्या मोठ्या जनावरामागे ३७,५०० रुपये मिळतात. तेव्हा तर ३०,००० च होते, आणि तेही पंचनामा झाला तर. सोसायटीचं कर्ज, नातवाची फी, घरातलं तेलमीठ त्या दोन कासांवर चालतं. बोटीत म्हैस बसत नाही, मग आजी कशी बसणार?

अशा वेळी माणूस शेवटच्या घटकेपर्यंत थांबतो आणि मग सगळे एकदम निघतात. २०१९ मध्येच सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीने भरलेली बोट उलटली आणि दहाहून अधिक माणसं बुडाली. त्या बोटीवर पुष्कळ लिहून झालं. लोकांना तोवर थांबायला काय लावतं, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. थांबायला लावणारी दोनच कारणं मी पाहिली. एक जनावर, दुसरं भिंतीवरची जुनी खूण. "२००५ ला पाणी ह्या पायरीपर्यंत आलेलं, वर नाही आलं," असं सांगणारा शहाणा प्रत्येक गल्लीत होता. २०१९ च्या पाण्याने ती पायरी विचारलीच नाही.

हे पाणी येतं कसं, ते नीट कळलं की निम्मी तयारी होते. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं आणि पुढे पंचगंगा होते. घाटमाथ्यावर, गगनबावड्याकडे धो धो पडलं की आमच्याकडे ऊन असलं तरी नदी वाढते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. दरवाजा उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे, पण दर पुरात कुणीतरी मोबाईलवर नेमकी तीच बातमी पसरवतो. चिखली, आंबेवाडीला पाणी झपाट्याने चढतं. शिरोळ तालुक्याचं गणित निराळं आहे. नृसिंहवाडीपाशी पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथे कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी मागे फुगतं. ते हळू चढतं आणि उतरायचं नाव घेत नाही. म्हणून चिखलीकराने चपळ व्हायचं आणि शिरोळकराने लांबचा शिधा धरायचा. दोघांना एकच पत्रक वाटून भागत नाही.

नदीकाठच्या एका गावात पावसाळ्याआधी देवळात बैठक झाली, तिथे मला बोलावलं होतं. आधी वाटलं, नेहमीप्रमाणे शिट्टी, दोरी, टॉर्च यांची यादी वाचली जाईल आणि चहा होईल. पण एका ट्रॅक्टरवाल्याने कामाचा प्रश्न विचारला, "आपल्या घरात पाणी कवा येतंय ते जाऊ दे. मोरीवर कवा येतंय?" गावातून हमरस्त्याला जाताना ओढ्यावर एक बुटकी मोरी आहे. घरांत पाणी शिरायच्या कितीतरी आधी ती बुडते. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, मोबाईलमधले जुने फोटो आणि त्यांच्या तारखा ताडून पाहत, राजारामला किती फूट असताना मोरी गेली याचा शोध सुरू झाला. एक म्हणे ४१, दुसरा म्हणे ४२. वाद रंगला. शेवटी ४१ धरायचं ठरलं, कारण कमी धरण्यात तोटा नव्हता. म्हणजे त्या गावाचा धोका ४३ ला सुरू होत नव्हता, हाताशी असलेला वेळच ४१ ला संपत होता. जे काय करायचं ते त्याच्या आत.

तिथून मागे मागे मोजत गेलो. इशाऱ्याचा आकडा आला की सुकी वैरण ट्रॉलीतून उंचावर जाणार. एक फूट चढलं की म्हशी निघणार. मोरी बुडायच्या आत म्हातारी माणसं, बाळंतिणी, पोरं. राहिलेली तरणी माणसं सगळ्यात शेवटी, मेन स्विच पाडून. रात्री जनावर हलवायचं नाही. संध्याकाळी पाणी चढतं दिसलं तर आकड्याची वाट न बघता उजेडातच निघायचं. हे आकडे त्या गावाचे. तुमच्या गावाचे, तुमच्या गल्लीचे तुम्हीच काढायचे. मात्र कोरड्यात बसून काढायचे. पाणी दिसायला लागलं की प्रत्येकाला आपला आकडा एक फुटाने वाढवावासा वाटतो.

प्रयाग चिखलीच्या बऱ्याच लोकांना सोनतळीला जागा मिळालेल्या आहेत. पाणी वाढलं की तिथे जनावरांसकट जाता येतं. ज्या गावाला अशी जागा नाही, त्याने ती पावसाळ्याआधी ठरवायची: माळावरची शाळा, मंगल कार्यालयाचं आवार, पाहुण्यांचं गाव. पाहुण्यांना मे महिन्यातच विचारून ठेवावं. माणसं कोणीही ठेवून घेतं. पण चार म्हशी घेऊन येतो म्हटलं की "बघतो, कळवतो" असं उत्तर येतं, आणि ते पुराच्या दिवशी ऐकण्यापेक्षा मे महिन्यात ऐकलेलं बरं.

म्हैस हलवणं हे वरून सोपं वाटतं. वाहतं पाणी ओलांडायला ती बुजते. ट्रॉलीत चढायची सवय नसेल तर चार गडी ओढून दमतात. माझ्या अनुभवातली सोपी युक्ती म्हणजे रेडकू आधी ट्रॉलीत चढवायचं, आई मागून येते. ट्रॉली उंचवट्याला किंवा उकिरड्याला टेकवून लावली की चढण कमी होते. आणि वेळच उरला नाही, म्हैस सोडूनच जावं लागलं, तर दावं सोडा. नुसतं खुंट्यावरून नाही, गळ्यातूनही काढा, म्हणजे कुठे अडकणार नाही. बैलाची वेसणीची दोरीही काढा. म्हैस पट्टीची पोहणारी आहे. पुरात मेलेली जी जनावरं मी पाहिली, त्यांतली बरीचशी दाव्याला बांधलेली होती. मालकाने मायेनेच बांधली होती, हरवू नयेत म्हणून.

हरवू नयेत याला दुसरा उपाय आहे. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक. तो वहीत लिहून ठेवा आणि बिल्ल्यासकट जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. छावणीत शेकडो काळ्या म्हशी एकत्र आल्या की मालकालाही आपली चटकन ओळखू येत नाही. आपल्या गल्लीच्या जनावरांच्या शिंगांना एकच रंग लावला तर शोधाशोध निम्म्यावर येते. घटसर्प आणि फऱ्याची लस मेअखेरच टोचून घ्यायची. लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, पुरात टोचून उपयोग नाही.

आता वैरण. दुभत्या म्हशीला दिवसाला पंचवीस-तीस किलो ओली आणि पाच-सहा किलो सुकी लागते. माणसांच्या छावणीत पहिल्याच दिवशी बिस्किटं येतात, दुसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांचे ढीग येतात. (त्या ढिगांत मी लग्नातला फेटाही पाहिला आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.) वैरणीची गाडी मात्र उशिरा येते. म्हणून चार-पाच दिवसांचा कडबा, पिंजर आधीच उंचावर गेलेलं हवं. आणि धार चुकवायची नाही. रस्ते बंद झाल्यावर दूध संकलन थांबतं, दूध घालायला जागा नसते, म्हणून लोक धारच काढत नाहीत. कास तटतटते, दगडी होते आणि पूर ओसरल्यावर म्हैस कायमची एका सडाने आटते. दूध वाटा, वासराला पाजा, नाहीतर ओता, पण काढा.

शहरवाल्यांना वाटेल, हे आमच्या कामाचं नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन बघा. पूर नेमका गणपतीच्या तोंडावर येतो, आणि २०१९ मध्ये तयार होत आलेल्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. कुंभाराने वर्षाची कमाई सोडून मुकाट्याने निघावं, असं म्हणणं सोपं आहे. सुतारवाड्यात दरवर्षी पहिलं पाणी शिरतं आणि तिथली माणसं चित्रदुर्ग मठात जातात. कुठे जायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. प्रत्येक घराने आधी स्वतःला विचारावं, आपल्याकडे सोडवत नाही असं काय आहे. शिलाई मशीन असेल, दुकानातला माल असेल, अंथरुणाला खिळलेले वडील असतील. आधी त्याची सोय ठरवायची, मग टॉर्च.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. रेशनकार्ड, पासबुक, आधार, शाळेचे दाखले एका प्लॅस्टिक पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या बरणीत, शिवाय सगळ्यांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा पाहुण्याच्या मोबाईलवर. औषधांचं जरा सविस्तर, कारण तिथेच हयगय होते. बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच डब्यात, निदान दहा दिवस पुरतील इतक्या. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर बर्फाची आणि थर्मासची सोय आधीच. डायलिसिसवर कोणी असेल तर त्या माणसाने इशारा पातळीचीही वाट बघू नये, दवाखान्याच्या गावात आधीच जाऊन राहावं. पिण्याचं पाणी भरून ठेवा, आमच्या पुरात नळ सगळ्यात आधी जातो. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर जाड दोरीने बांधा. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत गल्लीभर फिरतो.

गल्लीची तयारी घराहून सोपी असते, फक्त कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. कोल्हापुरात ते काम तालमीच्या पोरांनी करायचं आणि ती करतातही. एक वही घ्यायची. कोणत्या घरात चालता न येणारं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणत्या घरी म्हातारी एकटी असते आणि मुलगा पुण्याला. पुढच्या पानावर कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाकडे जाड सोल, कोणाकडे ट्यूब, कोणाकडे जनरेटर, पट्टीचे पोहणारे कोण. गुऱ्हाळाची काहिल मात्र त्या यादीत धरू नका. पुरात लोक काहिलीत बसून गेलेले मी पाहिलेत, पण ती गोल असते, धारेला लागली की गरगर फिरते आणि माणूस जरा हलला की पालथी होते. तुंबलेल्या पाण्यात सामान ढकलत न्यायला चालेल, वाहत्या पाण्यात नाही.

फोन लावायचे क्रमांक भिंतीवर लिहा: ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७. मोबाईल नसलेल्या माणसालाही ते दिसतील. पण टॉवरचं डिझेल संपलं की फोन मुका होतो, हे दोन्ही पुरांत पाहिलं आहे. म्हणून देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालेल अशी सोय करायची. आणि गावात एकच माणूस नेमायचा, जो प्रशासनाची अधिकृत पातळी बघून भोंग्यावर सांगेल. बाकीच्यांनी धरण फोडायचं काम करू नये.

पाणी ओसरलं की आणखी एक पूर येतो, कामांचा. घरात पाऊल टाकायच्या आधी काठीने ठोकत जा. अडगळीत, चुलीमागे, कपाटाखाली नाग, घोणस, मण्यार आसरा घेऊन बसलेले असतात. साप चावला तर मांत्रिक नको, सरकारी दवाखाना गाठा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका, ओली भिंतही शॉक देते. विहिरीत टीसीएल टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका, आणि टाकल्यावरही उकळूनच प्या. चिखल उपसताना पायात गमबूट हवेत. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेवाटे शिरतो. ताप आला तर डॉक्टरांना आपण चिखलात काम केलं होतं, हे आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही. पोरांना जुलाब लागले आणि ओआरएसची पुडी हाताशी नसली तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हींना चहाचा चमचा.

मेलेलं जनावर घाईने पुरू नका. आधी बिल्ल्यासकट फोटो, मग पशुवैद्यकाचा दाखला आणि पंचनामा. बिल्ला कापून जपून ठेवा. त्यानंतर विहिरीपासून लांब, खोल खड्डा, वर चुना आणि मीठ. घाण सुटते म्हणून लोक कागद व्हायच्या आत पुरून टाकतात आणि मग भरपाईसाठी वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवतात.

दोन पुरांत फरकही पडला. २०२१ मध्ये पाणी तितकंच चढलं, पण मी फिरलो त्या गावांत म्हशी आधी बाहेर पडलेल्या दिसल्या. २०१९ ने जे शिकवलं ते माणसं विसरली नव्हती. २०२४ च्या जुलैत पाणी ४७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हाही बऱ्याच जणांनी वेळेत दावी सोडली. मला काळजी आहे ती एखादं दुसरं वर्ष कोरडं जाण्याची. दोन पावसाळे पाणी चढलं नाही की वहीतली पानं फाटतात, ट्रॅक्टर विकला जातो, यादीतली गरोदर बाई दोन पोरांची आई होऊन बसते.

म्हणून त्या मोरीच्या गावाने सरावाला सण गाठला. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर येतो. जनावरं धुतलेली, शिंगं रंगवलेली, सगळी एकाच दिवशी दावणीबाहेर. मिरवणूक देवळापर्यंत जाते, ती आता माळावरच्या शाळेपर्यंत न्यायची असं ठरलं. वाजत गाजत जायचं, जाता जाता बिल्ले वहीशी ताडायचे, आणि पहिल्या म्हशीपासून शेवटच्या म्हशीपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. पहिल्याच खेपेला घोळ झाला. मोरीवर जाणारी आणि येणारी ट्रॉली समोरासमोर आल्या, मागे गावभराची जनावरं खोळंबली आणि एका मानाच्या बैलाने दुसऱ्याला शिंगावर घेतलं. मग भरलेल्या ट्रॉलीने मोरीवरून जायचं आणि रिकामीने वरच्या पाणंदीतून परत यायचं, असं नक्की झालं. पाणंद अरुंद आहे आणि मध्येच एक बाभूळ आडवी आली आहे. बांध दोघा भावांचा, त्यांचा वाद कोर्टात. ग्रामसभेत दोघांनाही समोरासमोर बसवलं आहे; थोरला तयार आहे, धाकटा म्हणतो लाकूड अर्धं माझं. मृगाच्या आत तोडायची असं ठरलंय.